टर्बो शेवटी तपासा

जुना डोझर वर्कशॉपमध्ये येतो. जॉब कार्डवर लिहिलेले असते, ‘ताकद कमी, काळा धूर.’ लगेच कोणीतरी म्हणते, ‘टर्बो गेला.’ तो बाहेरून दिसतो, चार बोल्ट काढले की हातात येतो आणि नवा बसवला की काम केल्याचे समाधानही मिळते. पण टर्बो आपण होऊन क्वचितच मरतो. धूळ, खराब ऑइल किंवा आत गेलेला एखादा तुकडा त्याला मारतो. कारण तसेच राहिले तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. म्हणून आजच्या धड्याचे सूत्र असे: टर्बो शेवटी तपासा, आधी त्याच्याकडे येणारी हवा, ऑइल आणि धुराची वाट तपासा.

टर्बोचे काम

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर जाणारा गरम वायू वाया न घालवता त्यावर एक चाक फिरवायचे आणि त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. हवा जास्त, म्हणून डिझेल पूर्ण जळते आणि ताकद वाढते. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतो आणि त्याला आधार असतो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल काही सेकंद जरी थांबले तरी बेअरिंग जळते.

डोंगरात टर्बोचे मोल आणखी कळते. झोजी ला सुमारे 3,500 मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. बर्फ काढणारा डोझर तिथे बंद पडला तर मागची सगळी वाहतूक खोळंबते. चुकीच्या निदानाची किंमत तिथे दिवसांत मोजावी लागते.

सरावासाठी एक प्रसंग

समजा, मे महिना आहे. शहपुऱ्याजवळ तलाव खोल करण्याचे काम सुरू आहे. काळी माती वाळून पीठ झाली आहे आणि डोझर दिवसभर त्याच धुळीत फिरतो आहे. ऑपरेटर सांगतो, ‘महिनाभरात ताकद हळूहळू उतरली. ब्लेड भरला की काळा धूर येतो. टर्बोची शिटीही बदलली आहे.’

पहिली पायरी: ऐका आणि धूर पाहा. बिघाड हळूहळू झाला की एकदम, हे आधी विचारा. मग धुराचा रंग पाहा. ताकद कमी आणि धूर काळा, तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. ताकद कमी पण धूर नाही, तर डिझेलच कमी येत असावे. अशा वेळी आधी डिझेल फिल्टर पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. आपल्या डोझरचा धूर काळा आहे, म्हणून आपण हवेच्या वाटेने जाऊ.

दुसरी पायरी: हवेची वाट. एअर क्लीनरचा निर्देशक लाल झालेला नाही. इथे अनेक जण फसतात. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला होज फाटला असेल तर हवा फिल्टर चुकवून आत येते. मग फिल्टरवर ओढ कमी पडते आणि निर्देशक ठीकच दाखवतो. म्हणून इंजिन बंद करून पाइप काढा आणि आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर गळती नक्की. टर्बोच्या पुढच्या, दाबाच्या बाजूच्या सांध्यांना इंजिन चालू असताना साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर हवा तिथून सुटते आहे.

तिसरी पायरी: धुराची वाट. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर काजळीचे पट्टे दिसले तर वायू टर्बोपर्यंत पोहोचण्याआधीच निसटतो. मग टर्बो चांगला असूनही पूर्ण वेगाने फिरत नाही.

चौथी पायरी: ऑइल. हवेच्या बाजूला ऑइल दिसले की सील गेले असे ठरवू नका. टर्बोतून ऑइल परत जाणारी नळी दबली किंवा कार्बनने भरली आहे का? इंजिनाचा ब्रीदर तुंबला आहे का? एअर क्लीनर चोंदला आहे का? या तिन्हींमुळे चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर येते.

पाचवी पायरी: आता टर्बो. इंजिन पूर्ण थंड हवे आणि ब्लेड जमिनीवर टेकवलेला हवा. शाफ्ट हाताने फिरवा. तो मोकळा फिरला पाहिजे आणि चाक हाउसिंगला घासता कामा नये. आडवी थोडी हालचाल जाणवेल. ती ऑइलच्या थरासाठी ठेवलेली जागा आहे. पण शाफ्ट पुढे-मागे सरकत असेल तर थ्रस्ट बेअरिंग झिजले आहे. अंदाजावर जाऊ नका, डायल गेज लावा आणि माप त्या इंजिनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. बूस्टचा दाब मोजायचा तर इंजिनावर भार हवा. उभ्या डोझरचा रिकामा आकडा काहीच सांगत नाही.

आपल्या प्रसंगात होजला क्लिपखाली बोटभर चीर सापडते आणि हवेच्या चाकाची पाती धुळीने झिजून बोथट झालेली दिसतात. म्हणजे टर्बो खरोखरच खराब आहे, पण गुन्हेगार होज आहे. शिवाय तीच धूळ सिलिंडरमध्येही गेली आहे. म्हणून होज आणि टर्बो बदलून थांबू नका. ब्रीदरमधून येणारा वायू आणि ऑइलचा नमुनाही तपासा.

तीन गोष्टी कधीही करू नका

1. ताकद वाढवण्यासाठी फ्युएल पंपाचा स्क्रू फिरवू नका. जादा डिझेलने वायू अधिक तापतो आणि टर्बो मर्यादेपलीकडे फिरतो. उंचावर हा धोका आणखी मोठा.

2. पाइप काढलेला असताना इंजिन चालू करून चाकाजवळ हात नेऊ नका. टर्बोतून आत गेलेल्या ऑइलवरच इंजिन बेफाम धावू लागले तर डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. तेव्हा हवेचे तोंड जाड फळीने बंद करावे लागते. हात किंवा कापड आत ओढले जाते. म्हणून अशा चाचणीच्या वेळी फळी आधीच जवळ ठेवा.

3. भारावर काम केल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. तीन ते पाच मिनिटे आयडलवर चालू द्या, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून कार्बन होतो. नवा टर्बो बसवल्यावर त्यात आधी स्वच्छ ऑइल भरा. डिझेल बंद ठेवून इंजिन थोडे थोडे फिरवा आणि ऑइलचा दाब दिसल्यावरच चालू करा.

स्वाध्याय

1. ताकद कमी आहे, पण धूर नाही. पहिली तपासणी कोणती?

2. होज फाटूनही एअर क्लीनरचा निर्देशक लाल का होत नाही?

3. नव्या टर्बोतून दुसऱ्याच दिवशी ऑइल गळते. टर्बो परत पाठवण्याआधी कोणत्या तीन गोष्टी पाहाल?

उत्तरे वहीत लिहाच. पण त्याआधी शेडमधल्या एखाद्या डोझरचा होज स्वतःच्या बोटाने तपासून या.