हँडी घरात ऐकू येत नाही? खिसा नंतर, आधी खिडकी

सकाळचं नेट, म्हणजे हॅम मंडळींची रेडिओवरची बैठक, सुरू असतं. गॅलरीत उभं राहिलं की सगळे खणखणीत ऐकू येतात, आणि चहाचा कप घेऊन सोफ्यावर बसलं की नुसती खरखर. हॅम परवाना हातात पडून पहिला हँडी घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे पाच वॅटचा सेट काढा आणि दहा वॅटचा घ्या. तो ऐकू नका. वॅट बोलायला लागतात, ऐकायला नाही.

आपल्या इमारतींच्या भिंतींत आणि स्लॅबमध्ये सळया ठासून भरलेल्या असतात. सिग्नल आत येतो तो मुख्यतः खिडक्या-दारांतून, तोही भिंतींवर आपटत. त्यामुळे खोलीत कुठे तो जोरात असतो, कुठे जवळजवळ नसतोच, आणि या दोन जागांत कधीकधी हातभराचंही अंतर नसतं. म्हणून पहिला उपाय फुकटचा. स्क्वेल्च शून्यावर आणा, म्हणजे खरखर सतत ऐकू येईल. मग रिपीटरवर कुणी बोलत असताना, तो ज्या दिशेला आहे त्या बाजूच्या खिडकीशी सेट हळूहळू सरकवत जा. खरखर जिथे सगळ्यात कमी होते तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. स्वस्त हँडीच्या पडद्यावरच्या काड्यांवर विश्वास नको, त्या एकतर सगळ्या दिसतात नाहीतर एकही नाही. कान जास्त खरं सांगतात. आणि सेट टेबलावर आडवा ठेवू नका. रिपीटरचा अँटेना उभा असतो, आपलाही उभाच हवा.

फुकटातलीच दुसरी गोष्ट म्हणजे घरातला गोंगाट. नेटवर कुणी बोलत असतानाच, सेट बॅटरीवर ठेवून घराचा मुख्य एमसीबी मिनिटभर खाली करा. खरखर एकदम उतरली तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत शोधायचा. माझ्याकडे तो हॉलमधला एलईडी बल्ब निघाला, आणि त्याआधी मी आठशे रुपयांचा अँटेना घेऊन बसलो होतो! मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचे अडॅप्टर, इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित. हँडी चार्जरच्या खोबणीत ठेवून ऐकणं तर सोडूनच द्या.

आता खर्च. खालचे आकडे अंदाजाचे आहेत, दुकानागणिक दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील.

वीस रुपयांत शेपूट लावता येते. हँडीबरोबर येणारा रबरी अँटेना आखूड असतो आणि त्याला जोडीला जमीन म्हणून हातातला सेट आणि आपलं शरीर एवढंच मिळतं. घरात वापरतो तीच वायर ४९ सेंमी कापा, टोकाला ६ मिमीचा गोल लग दाबा, तो अँटेनाच्या बुडाच्या आट्यांवर सरकवून वरून अँटेना घट्ट बसवा. वायर खाली लोंबू द्या. लग मधल्या पिनला टेकणार नाही एवढं मात्र बघा.

पाचशे ते बाराशे रुपयांत लांब, लवचिक अँटेना मिळतो. फरक पडतो, पण नावाजलेल्या कंपनीच्या नकली मालाचा सुळसुळाट आहे. आणखी एक घोळ ठरलेला: काही सेटच्या डोक्यावर पिन बाहेर आलेली असते, काहींवर भोक असतं. आपला कुठला, हे न बघता मागवलेला अँटेना परत पाठवावा लागतो.

माझं मत विचाराल तर हे पैसे केबलच्या डायपोलवर घाला. पाच मीटर आरजी-५८ केबल, मीटरला चाळीस-पन्नास रुपये. हँडीला बसणारा कनेक्टर आणि अडॅप्टर मिळून दोनशे, मीटरभर पीव्हीसी पाइप तीस. पाचशेच्या आत काम. केबलच्या टोकाचं वरचं आवरण अर्धा मीटर सोला, जाळी विंचरून मोकळी करा, पिळून तिची एक शेपटी करा. आतली तार वर, जाळीची शेपटी खाली, अशा दोन्ही पाइपवर टेपने सरळ बसवा. आधी प्रत्येकी ५० सेंमी ठेवा. आपला दोन मीटर बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, त्याच्या मध्याला ४९ सेंमीच्या आसपास जमतं. जोडणीपासून केबल काही अंतर आडवी काढा आणि तिथेच पाच-सहा वेटोळी घालून बांधा. पाइप खिडकीच्या ग्रीलपासून शक्य तितका दूर, पडद्याच्या दांडीला टांगा. पडदा ओढला की दिसतही नाही, हा फायदा घरात किती मोठा आहे हे सांगायला नको.

केबल मोजून घ्या. पाच मीटर आरजी-५८ साधारण पाचवा हिस्सा सिग्नल खाते, वीस मीटर अर्ध्याहून जास्त. डिशची केबल मीटरला वीस रुपयांत मिळते, कमी खाते आणि ऐकायला चालते, पण तिच्या अल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर धरत नाही.

सोलणं-कापणं नको असेल तर गाडीच्या टपावर बसणारा चुंबकाचा अँटेना घ्या, सातशे ते दीड हजार. खिडकीजवळ लोखंडी कपाट असलं की झालं, त्याच्या माथ्यावर ठेवा. स्टीलच्या डब्यावर प्रयोग करण्याआधी चुंबक चिकटतंय का बघा, कित्येक डब्यांना ते चिकटत नाही.

सिग्नल वाढवणारे स्टिकर म्हणजे निव्वळ फसवणूक. रिसीव्हर आणि अँटेना यांच्यामध्ये लावायचा प्रीॲम्पही शहरात नको, तो एफएम केंद्रांचा दणकाही तेवढाच वाढवतो आणि चुकून पीटीटी दाबली की जळतो. डायपोल जुळलाय का तपासणारं मीटर चार-सहा हजारांना येतं, ते क्लबमधल्या कुणाकडून तरी तासभर मागून आणा. गच्चीवर अँटेना न्यायचा तर गोष्ट वेगळी: सोसायटीची परवानगी, विजेपासून बचाव, जाड केबल, आणि पाच-सात हजार रुपये सहज.

सेट अजून घ्यायचा असेल तर परवाना आधी. बेकायदा वॉकी-टॉकी विकल्याबद्दल २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आहेत, त्यामुळे बिलाशिवाय आणि मान्यतेच्या कागदाशिवाय काही उचलू नका.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जाताना हँडी पिशवीत असू द्या. अडॅप्टर दुकानातच बसवून, दोनदा फिरवून बघा आणि मगच पैसे द्या.