यंत्रबंदी आणि स्वावलंबन

सेमीकंडक्टर चिप घडविणाऱ्या यंत्रांना आज शस्त्रास्त्रांइतकेच महत्त्व आले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने सुरक्षेच्या कारणास्तव अशी प्रगत यंत्रे चीनला विकण्यावर निर्बंध घातले.

भारताला हा अनुभव नवा नाही. लष्करी वापराच्या शंकेने १९८७ मध्ये अमेरिकेने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला क्रे महासंगणक नाकारला. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, अनेक लहान प्रक्रियक एकाच वेळी राबविणारा ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये सिद्ध झाला.

तथापि, त्यातील ‘ट्रान्सप्युटर’ चिप ब्रिटिश बनावटीची होती. संगणक स्वदेशी झाला. चिप आणि ती घडविणारे यंत्र स्वदेशी करणे, ही स्वावलंबनाची पुढची पायरी होय.