शॉर्ट बंधूंचा विमानांचा कारखाना

आकाशात विमानाची घरघर ऐकू आली म्हणजे आपण सारे मान वर करून पाहतो. परंतु अशी यंत्रे प्रथम कोणी व कशी घडविली, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. मागणीवरून एकाच नमुन्याची अनेक विमाने बांधण्याचे काम जगात प्रथम ज्यांनी हाती घेतले असे मानतात, त्या इंग्लंडातील शॉर्ट बंधूंची हकीकत म्हणून येथे देत आहे.

हे तिघे भाऊ होते : होरेस, यूस्टेस व ऑस्वल्ड. १८९७ साली यूस्टेसने एक जुने बलून विकत घेतले, आणि त्या छंदातून धाकट्या दोघांचा बलून बांधण्याचा धंदा उभा राहिला. लंडनमधील बॅटर्सी येथे, गॅसच्या कारखान्याशेजारी, रेल्वेपुलाच्या कमानींखाली त्यांचे काम चाले. हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यासाठीही त्यांनी बलुने करून दिली होती.

१९०८ साली अमेरिकन विल्बर राइट याने फ्रान्समध्ये आपले विमान उडवून दाखविले. बलुनांचे दिवस भरले, हे धाकट्या भावांनी तत्काळ ओळखले. परंतु विमान बांधावयाचे तर यंत्रविद्येत निष्णात असा मनुष्य हवा, आणि तो घरातच होता. वडील बंधू होरेस हा वाफेच्या टर्बाइनच्या कामात चांगल्या नोकरीवर होता. ती सोडून तो भावांना येऊन मिळाला. नोव्हेंबर १९०८ मध्ये कंपनी स्थापन झाली.

लवकरच राइट बंधूंच्या पद्धतीची सहा विमाने बांधण्याचे काम त्यांना मिळाले. पण नकाशे कोठे होते? तयार नकाशे नव्हतेच! तेव्हा होरेस फ्रान्सला गेला आणि विमानाचा भाग न् भाग मोजून त्याने आपल्या वहीत आकृत्या काढल्या. त्या आकृत्यांवरून शेपी बेटावर विमाने तयार झाली. ४ मे १९०९ रोजी स्वतः राइट बंधू तेथे भेटीस आले.

मात्र दुसऱ्याचा कित्ता गिरवून हे भाऊ थांबले नाहीत. त्याच वर्षी ३० ऑक्टोबर रोजी मूर-ब्रॅबझन याने त्यांच्या स्वतंत्र रचनेच्या विमानातून एक मैलाचा फेरा पुरा केला व अस्सल ब्रिटिश विमानासाठी ठेवलेले १,००० पौंडांचे बक्षीस जिंकले. अशक्य गोष्टीविषयी इंग्रज लोक थट्टेने ‘डुकरे उडू लागतील तेव्हा’ असे म्हणतात. म्हणून काही दिवसांनी या गृहस्थाने टोपलीत डुकराचे पिलू घालून तेही उडवून आणले!

परंतु ही विद्या स्वस्त नव्हती. शॉर्ट बंधूंनी बांधलेल्या राइट विमानातून चार्ल्स रोल्स याने २ जून १९१० रोजी इंग्लिश खाडी न थांबता जाऊन-येऊन ओलांडली. पुढच्याच महिन्यात, फ्रान्समध्ये बांधलेल्या तशाच एका विमानाचे शेपूट उडताना मोडले आणि तो तरुण मरण पावला. एक सांधा कच्चा राहिला तर त्याचे मोल प्राणांनी द्यावे लागते, हे त्या काळच्या प्रत्येक कारागिरास कळून चुकले होते.

होरेस १९१७ साली निवर्तला. यूस्टेस १९३२ साली आपले विमान नदीवर उतरवीत असता हृदयविकाराने गेला. उरलेल्या ऑस्वल्डने काम पुढे नेले. त्यांच्या कारखान्याच्या प्रचंड ‘एंपायर’ उडत्या नौकांपैकी पहिली १९३६ साली उडाली. ती उडण्यापूर्वीच इंपीरिअल एअरवेज कंपनीने अशा २८ नौकांची मागणी नोंदविली होती, एवढा या नावाचा लौकिक! पुढे याच नौका पूर्वेकडे जाताना ग्वाल्हेरच्या तलावातही उतरत. १९४३ साली कारखाना सरकारने ताब्यात घेतला व १९४८ मध्ये तो सर्वस्वी बेलफास्टला गेला. ऑस्वल्ड १९६९ पर्यंत जगला.

विद्यार्थिमित्रहो, शेजाऱ्याच्या पाटीवरचे उत्तर उतरवून घेणे निराळे आणि होरेसप्रमाणे प्रत्येक भाग मोजून, तो तसाच का आहे हे समजून घेणे निराळे. पहिल्याने पाटी तेवढी भरते; दुसऱ्याने, पुढे मागे, स्वतःचे विमान बांधता येते.