ढेकळांवर उतरणारी ट्राइक

विमान म्हटलं की आपल्याला आधी इंजिन आठवतं. आमचंही तसंच झालं. दोन आसनी अल्ट्रालाइट ट्राइकचं पहिलं ड्रॉइंग सरांपुढे ठेवलं, त्यात इंजिन झकास काढलं होतं आणि चाकांच्या जागी नुसते तीन गोल. सर म्हणाले, "उडेल रे. पण नांगरलेल्या शेतात उतरवायची झाली तर मागच्या सीटवर कोणाला बसवशील?"

ट्राइक म्हणजे हँगग्लायडरच्या पंखाला टांगलेली तीनचाकी गाडी. या पंखाचं मूळ फ्रान्सिस रोगॅलो यांच्या 1948 सालच्या लवचीक पतंगात आहे. शेपटी नाही, सगळं नियंत्रण वजन सरकवून. कंट्रोल बार पुढे ढकलला की नाक वर आणि वेग कमी. (स्टिकची सवय असलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो!) मागचा प्रवासी टांगणीच्या जवळपास खाली बसतो, म्हणून तो नसला तरी तोल फारसा बिघडत नाही.

आता सरांचा प्रश्न. ट्राइक सेकंदाला 2 मीटर वेगाने जमिनीवर आली असं धरू. टायर आणि सस्पेन्शन मिळून 5 सें.मी.च दबले, तर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, म्हणजे सरासरी 40 मी./से.², जवळजवळ 4 जी. तेच 20 सें.मी. दबले तर 1 जी. कमाल झटका याहून जास्तच, आणि तो जातो थेट मणक्यात. आम्ही शहाण्यांनी मजबुतीसाठी ॲक्सलची नळी जाड केली होती. नळी वाचली असती, पाठ गेली असती. नुसते जाड, कमी हवेचे टायरही पुरत नाहीत. ते चेंडूसारखे उसळतात, डँपर हवाच.

दुसरा उपाय, मुळात हळू उतरणे. एकूण वजन 400 किलो, पंख 15 चौ.मी., उद्धरण गुणांक 1.6 धरला तर स्टॉल वेग ताशी 59 कि.मी. येतो. पंख 18 चौ.मी. केला तर 54. आकडा किरकोळ वाटतो, पण गतिज ऊर्जा सुमारे 17 टक्क्यांनी घटते. मात्र मोठा पंख वळवायला जड आणि दुपारच्या हवेत जास्त हेलकावतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात : रोटॅक्स 582 टू-स्ट्रोक, हलकं, 912 फोर-स्ट्रोक, जड पण भरवशाचं. ब्रायन मिल्टन यांनी 1998 मध्ये 912 बसवलेल्या ट्राइकनेच पृथ्वीप्रदक्षिणा केली. खाली उतरायला धड जागा नसेल तिथे मी 912 च घेईन.

खरी गंमत पुढेच. सस्पेन्शन 20 सें.मी. दबलं की मागचा प्रोपेलरही तेवढाच जमिनीकडे येतो, शिवाय चाकांनी उडवलेले खडे पात्यांवर. मडगार्ड लावले. इंजिन वर घेतलं. गुरुत्वमध्य वर गेला, म्हणून कलंडू नये यासाठी मागची चाकं लांब-लांब नेली. आता ट्राइक ट्रेलरवर मावत नाही. सध्या गाडी तिथेच अडली आहे.