बॅरोमीटर की लेव्हल? – माउंट मार्सीची उंची

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला ग्राउंडला एक चक्कर मारून आलं, तरी आपलं लेव्हलिंग जुळता जुळत नाही! आता हेच काम जंगलातून थेट डोंगरमाथ्यापर्यंत न्यायचं म्हटलं तर?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात अ‍ॅडिरॉन्डॅक हा डोंगराळ, घनदाट जंगलाचा मुलूख आहे. १८७२ पर्यंत त्याचा धड नकाशा नव्हता. त्या वर्षी व्हर्प्लँक कॉल्विन या २५ वर्षांच्या तरुणाने राज्याकडून १००० डॉलर मंजूर करून घेतले आणि सर्व्हे सुरू केला. जंगल तुटलं तर हडसन नदीचं आणि कालव्यांचं पाणी आटेल, ही त्याची खरी काळजी. पण जंगल राखा म्हणायचं, तर ते कुठून कुठपर्यंत आहे हे आधी कागदावर नको का?

इथलं सर्वांत उंच शिखर माउंट मार्सी, आपल्या कळसूबाईपेक्षा थोडंसंच ठेंगणं. १८३७ मध्ये एमन्स यांनी बॅरोमीटरने त्याची उंची ५४६७ फूट काढली होती. बॅरोमीटरची गोची अशी, की हवा पालटली की दाब बदलतो, आणि १ मिलिबारचा फरक म्हणजे उंचीत साधारण ८-९ मीटरची चूक! म्हणून १८७५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर कॉल्विनच्या टोळीने शँप्लेन सरोवरापासून लेव्हलिंग करत नेलं. बॅकसाइट, फोरसाइट, पुढचा टप्पा... सरोवर ते शिखर हा चढ सुमारे १६०० मीटर. आपला ४ मीटरचा स्टाफ पूर्ण वापरला तरी किमान ४०० वेळा लेव्हल मांडावी लागेल. वाटेतले उतार वेगळेच. नोव्हेंबरात टोळी माथ्यावर पोचली. उत्तर आलं ५३४४.४११ फूट! (ते तीन दशांश जरा अतिच झाले म्हणा.) आजचा आकडा सुमारे ५३४४. म्हणजे बॅरोमीटरचा आकडा १२३ फुटांनी जास्त होता.

ट्रायँग्युलेशनसाठी दर शिखरावर आरसा धरायला माणूस कुठून आणणार? कॉल्विनने चकचकीत पत्र्याचं, वाऱ्याने गरगर फिरणारं यंत्र बनवलं. ऊन पडलं की ते लांबून लुकलुकायचं. खडकात त्याने ठोकलेले तांब्याचे बोल्ट आजही काही शिखरांवर दिसतात.

१८८५ साली राज्याने तिथली सरकारी जंगलं राखीव केली, १८९२ साली अ‍ॅडिरॉन्डॅक पार्क झालं. कॉल्विनचा सर्व्हे मात्र १९०० साली बंद करण्यात आला.