अलेमायेहू आणि कप्तान स्पीडी

विद्यार्थ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत १८६८ सालची अ‍ॅबिसिनियाची मोहीम बहुधा एका ओळींत आटोपते. अ‍ॅबिसिनिया म्हणजे हल्लींचा इथिओपिया. तेथील राजा थिओडोर यानें राणी व्हिक्टोरियास लिहिलेल्या पत्राचें उत्तर आलें नाहीं, तेव्हां संतापून त्यानें इंग्रज वकिलास व कांहीं मिशनऱ्यांस कैदेंत टाकिलें. त्यांना सोडविण्यासाठीं मुंबई इलाख्याचा सेनापति नेपियर फौज घेऊन गेला. ओझीं वाहण्यास ४४ हत्तीहि हिंदुस्थानांतूनच नेले होते. १३ एप्रिल रोजीं मॅग्डालाचा किल्ला पडला, आणि शत्रूच्या हातीं सांपडण्यापूर्वीं राजानें आपला प्राण दिला.

त्याचा मुलगा अलेमायेहू तेव्हां पुरता सात वर्षांचाहि नव्हता. परतीच्या वाटेंत त्याची आईहि वारली. भोंवतालीं सारे परके, आणि तेहि बापाच्या शत्रूकडील! त्यांत त्याची भाषा जाणणारा धिप्पाड, दाढीवाला दुभाषी होता, कप्तान ट्रिस्ट्रम स्पीडी. हा जन्मानें मेरठचा. यानें पूर्वीं थिओडोरचीच चाकरी करून त्याच्या शिपायांस कवाईत शिकविली होती; पुढें राजाशीं बिनसल्यामुळें त्यास तो देश सोडावा लागला व तो न्यूझीलंडपर्यंत भटकला. पोरक्या मुलानें याचाच हात धरिला. रात्रीं तो भिऊन जागा होई. स्पीडी जवळ असला म्हणजेच त्यास झोंप येई.

इंग्लंडांत राणीनें त्याची प्रेमानें विचारपूस केली. पुढें स्पीडी नोकरीनिमित्त अयोध्या प्रांतांतील सीतापुरास व तेथून पेनांगास गेला; मुलगा बरोबरच होता. परंतु त्याचा खर्च सरकारी तिजोरींतून होत असे, आणि राजपुत्राचें शिक्षण इंग्लंडांतच व्हावें असें तेथील अधिकाऱ्यांनीं ठरविलें. सुमारें दहा वर्षांच्या त्या मुलास स्पीडीपासून तोडण्यांत आलें. हेतु वाईट नसेल. पण मुलाचें मन कोणीं विचारांत घेतलें?

चेल्टनहॅम, रग्बी, सँडहर्स्ट अशा नामांकित शाळा झाल्या. जीव मात्र कोठेंच रमला नाहीं. १४ नोव्हेंबर १८७९ रोजीं लीड्स येथें, अवघ्या अठराव्या वर्षीं, तो आजारानें वारला. राणीच्या इच्छेनें त्यास विंडसर येथें पुरलें. परक्यास आसरा दिल्याविषयींचें बायबलांतील वचन तेथील फलकावर कोरलें आहे.

त्याच्या अस्थि मायदेशीं आणण्याची इथिओपियाची विनंति २०२३ सालीं इंग्लंडच्या राजवाड्यानें नाकारली. त्याच वर्षीं त्याच्या केसांची एक बट मात्र इथिओपियाच्या स्वाधीन झाली. ती इतकीं वर्षें स्पीडीच्या घराण्यांत जपून ठेविलेली होती.