वर्गाचा प्रतिनिधी

दोन-तीन वर्षांनी तुमच्यापैकी बरेच जण कॉलेजात जातील. तेथे 'विद्यार्थी परिषद' हे नाव तुमच्या कानावर पडेल. शाळेत वर्गाचा मॉनिटर असतो. तो शिक्षकांचा निरोप मुलांना सांगतो. कॉलेजातील वर्गप्रतिनिधीचे काम याच्या उलट आहे. तो मुलांचे म्हणणे प्राचार्यांपर्यंत पोहोचवतो.

हा प्रतिनिधी कसा निवडतात? पूर्वी महाराष्ट्रातील कॉलेजांत निवडणुका होत. त्यांत भांडणे व मारामाऱ्या होऊ लागल्या. म्हणून १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वेगळी पद्धत आणली. वर्गात सर्वांत जास्त गुण मिळवणारा विद्यार्थी प्रतिनिधी होऊ लागला. पुढे २०१६ च्या कायद्याने मतदानाचा हक्क परत दिला. या कायद्यात प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी निवडावा, अध्यक्ष व सचिव सर्व विद्यार्थ्यांनी निवडावेत, अशी तरतूद आहे. एक जागा विद्यार्थिनींसाठी राखून ठेवली आहे. मात्र २०१९ साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. कायद्यात हक्क लिहिला, म्हणजे तो लगेच हातात येतोच असे नाही.

निवडणूक लढवायला पैसा लागतो, असे तुम्हांला वाटेल. तसे होऊ नये म्हणून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने २००६ साली काही नियम सुचवले. ते पाळावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. उमेदवाराने ५,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करू नये. छापील पोस्टर लावू नये. हाताने लिहिलेले चालेल. त्याची हजेरी किमान ७५ टक्के असावी. म्हणजे गरीब घरचा मुलगाही उभा राहू शकतो.

आता माझी गोष्ट सांगते. मी तुमच्यासारखीच उर्दू शाळेत शिकले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी वर्गप्रतिनिधी झाले, ती केवळ गुणांमुळे. मराठीत चार वाक्ये बोलायची, तरी माझे हात थंड पडत. परिषदेच्या पहिल्या सभेत मी शेवटच्या खुर्चीवर बसले आणि एक शब्दही न बोलता घरी आले.

आमच्या कॉलेजातील अभ्यासिका दुपारी चार वाजता बंद होई. माझे घर एका खोलीचे. संध्याकाळी तेथे पाहुणे, लहान भावंडे आणि स्वयंपाक. वर्गातील कितीतरी मुलींची हीच अडचण होती. त्या मला म्हणाल्या, "तू प्रतिनिधी आहेस ना? मग सांग की!"

बोलायची भीती वाटत होती, म्हणून मी अर्ज लिहिला. खाली ४१ मुलांनी सह्या केल्या. पुढच्या सभेत प्राचार्यांनी तो वाचला आणि विचारले, "सह्या ठीक आहेत, पण चारनंतर खरेच किती जण बसतील?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन अभ्यासिकेच्या दारात उभी राहू लागले. चार वाजता किती मुले नाइलाजाने उठतात, ते सहा दिवस मोजले. कोणत्याही दिवशी २० पेक्षा कमी नव्हती. तिसऱ्या सभेत मी ती वही पुढे ठेवली. माझी मराठी अडखळत होती. पण आकडे अडखळत नव्हते. परीक्षेच्या दोन महिन्यांसाठी अभ्यासिका सातपर्यंत उघडी ठेवण्याचे ठरले. रविवारी उघडण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही.

मित्रांनो, प्रतिनिधी होणे म्हणजे घोषणा देणे किंवा फोटो काढून घेणे नव्हे. अडचण नीट ऐकावी, मोजावी, लिहावी आणि योग्य ठिकाणी मांडावी. उत्तर 'नाही' आले, तर ते वर्गाला खरेखरे सांगावे.

मराठी कच्ची आहे म्हणून मागच्या बाकावर बसू नका. अर्ज, हजर, मंजूर, कायदा, हक्क हे शब्द पाहा. हे सारे तुमच्या उर्दूतही आहेत. अर्धी वाट तुम्ही आधीच चालून आला आहात. उरलेली चालायला सुरुवात करा.

शब्दार्थ
तरतूद – आधीच करून ठेवलेली सोय
अभ्यासिका – बसून अभ्यास करण्याची खोली
नाइलाजाने – दुसरा उपाय नसल्यामुळे

स्वाध्याय
१. मॉनिटर व वर्गप्रतिनिधी यांच्या कामात कोणता फरक आहे?
२. प्राचार्यांच्या प्रश्नाला लेखिकेने कसे उत्तर दिले?
३. तुमच्या शाळेतील एक अडचण निवडा. तीन दिवस तिची नोंद ठेवा व मुख्याध्यापकांना मराठीत अर्ज लिहा.